काडीची किंमत

'काडीचीही किंमत न देणे' हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकतो, त्याचा वाक्यात उपयोग करतो, एक गुण मिळवतो आणि विसरतो. रेडिओवर चालणारी मोठी विमाने उडवणाऱ्या आमच्या मंडळींनी मात्र तो चांगलाच लक्षात ठेवला आहे आणि दर रविवारी त्याचा प्रत्यक्षात उपयोग करीत असतात. चाळीस-पन्नास हजारांचे पेट्रोल इंजिन, परदेशातून मागवलेला रेडिओ, पंखांवर रंगीत पट्टे, कॉकपिटमध्ये गॉगल लावलेला बाहुला वैमानिक... आणि शेपटीला जोडलेली काडी? ती डब्यात कुठेतरी पडलेली होती, ती लावली!

याबद्दल मैदानावर बोलून बोलून मी थकलो, म्हणून आता लिहितो आहे. मी मराठी माध्यमातला बी.ए. उभे आयुष्य पोरांना भाषा आणि इतिहास शिकवण्यात गेले. विमानांचा नाद निवृत्तीनंतरचा. त्यामुळे मैदानावरचे तरुण इंजिनिअर माझे बोलणे "हो सर, बरोबर सर" म्हणून अगदी आदराने ऐकतात आणि तितक्याच आदराने सोडून देतात. शिक्षकाला याची सवय असते. असो.

ज्यांनी ही विमाने पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोठे विमान म्हणजे किती मोठे? अमेरिकेतल्या मोठ्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेचे माप असे आहे की एका पंखजोडीच्या विमानाचा विस्तार ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या वर असेल, किंवा दोन मजली पंखांच्या विमानाचा ६० इंचांच्या वर असेल, तर ते मोठे. वजन आठ किलोपासून वीस किलोपर्यंत काहीही असू शकते. त्याच्या पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फळ्या असतात. पंखावरचे एलेरॉन, आडव्या शेपटीवरचा एलेव्हेटर, उभ्या शेपटीवरचा रडर. विमानाला वळायचे, चढायचे, उतरायचे ते या फळ्यांमुळे. प्रत्येक फळी हलवायला एक छोटी विजेची मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. सर्व्होच्या हातापासून फळीवरच्या शिंगापर्यंत (इंग्रजीतही त्याला हॉर्नच म्हणतात) जी धातूची सळई जाते ती पुशरॉड. मी तिला काडी म्हणतो. काडी, तिची दोन्ही टोके, शिंग, स्क्रू आणि नट मिळून झाले लिंकेज. तुमच्या हातातल्या रेडिओची आज्ञा फळीपर्यंत पोहोचण्याचा हा एकमेव रस्ता. दुसरा नाही.

आता मूळ मुद्दा. "सर, सर्व्हो चाळीस किलोचा टाकलाय, काळजी नको." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मैदानाच्या फाटकावर रंगवून घ्यावे असे वाटते. चाळीस किलोचा म्हणजे सर्व्होच्या मधल्या दांड्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो चाळीस किलोचा जोर लावतो. अडीच सेंटिमीटरचा हात लावला की तोच जोर सोळा किलो होतो. ठीक. पण हे सोळा किलो फळीपर्यंत नेणार कोण? काडीच ना! आणि काडीला तो भार सोसतो का, हे कोणी विचारत नाही.

घरात एक प्रयोग करून पाहा. खराट्याचा एक हीर घ्या. दोन्ही टोके धरून ओढा. बोटे दुखतील पण हीर तुटणार नाही. आता तोच हीर दोन तळहातांमध्ये उभा धरून दाबा. लगेच कमान होईल. सळईचेही तसेच. ओढताना ती बलदंड असते, ढकलताना बिचारी वाकते. किती भाराला वाकेल याचे गणित लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली मांडून ठेवले आहे. म्हणजे पानिपतच्याही आधी! माझ्या इंजिनिअर भाच्याकडून मी ते समजून घेतले आणि स्वतः आकडे घालून पाहिले. दोन मिलिमीटर जाडीची, वीस सेंटिमीटर लांबीची पोलादी काडी दोन्ही टोकांना मोकळी फिरती जोडलेली असेल, तर ती साधारण चार किलोला वाकते. चार किलो! सर्व्हो सोळा किलोने ढकलतो आहे आणि काडी चार किलोला शरण जाते आहे. म्हणजे तुमच्या चाळीस किलोच्या सर्व्होचा चौथा हिस्साच तुम्ही विकत घेतला, बाकीचे पैसे पाण्यात.

हेच गणित पुढे फार उपयोगाचे आहे. जाडी दुप्पट केली तर काडीचा वाकण्याला विरोध सोळा पट होतो. दोनऐवजी तीन मिलिमीटर घेतली तर चारचे वीस किलो होतात. चार मिलिमीटरला साठाच्या वर. लांबी अर्धी केली तर चौपट. म्हणजे सर्व्हो पोटात बसवून तिथून लांबच लांब काडी शेपटीपर्यंत नेण्यापेक्षा सर्व्होच शेपटीत बसवा आणि काडी वीतभरही ठेवू नका. यात कुठलेही गूढ नाही. सातवीतल्या मुलालाही समजेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला, "सर, वजन वाढतं." वाढते खरे. किती वाढते ते मोजले आहे का? वीस सेंटिमीटरची काडी दोनऐवजी तीन मिलिमीटरची केली की सहा ग्रॅम वाढतात. दोन एलेरॉनच्या, दोन एलेव्हेटरच्या आणि एक रडरची अशा पाच काड्या धरल्या तर तीस-एकतीस ग्रॅम. बारा किलोच्या विमानात! कॉकपिटमधल्या त्या बाहुल्याचे वजन करून पाहा म्हणावे.

दुसरा आक्षेप जरा हुशारीचा असतो. "आपली काडी साधी नाही, पियानो वायरची आहे" किंवा "टायटेनियमची आहे". पियानो वायर म्हणजे कडक स्प्रिंगचे पोलाद. पण कमान होण्याच्या बाबतीत साधे पोलाद आणि स्प्रिंगचे पोलाद यांत फरक जवळजवळ नाहीच. फरक एवढाच की साधी काडी वाकली की वाकडी राहते आणि स्प्रिंगची काडी भार गेला की पुन्हा सरळ होते. म्हणजे गुन्हा करून पुरावाही नाहीसा करते! टायटेनियमचे तर आणखी विचित्र आहे. ते हलके आहे, गंजत नाही, दिसायला झकास. पण त्याचा ताठरपणा पोलादाच्या साधारण निम्मा. तीन मिलिमीटरची पोलादी काडी जिथे वीस किलो सोसते तिथे त्याच मापाची टायटेनियमची दहा-अकरा किलोला वाकेल. टायटेनियम वापरायचे तर जाड वापरा. दोन टोकांना उलटसुलट आटे असलेल्या टायटेनियमच्या जाड काड्या मिळतात, त्या न सोडवता जागच्या जागी फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. त्या उत्तमच. पण नावावर भुलून बारीक काडी घेऊ नका.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट सांगतो. एक तेरा किलोचे विमान, सुंदर बनवलेले. मालकाचे नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. वरून सूर मारला, वेग आला, आणि त्याने काठी मागे ओढली तरी नाक वर येईना. विमान थेट कडेच्या उसात गेले. तिथून साठ-सत्तर पावलांवर बांधावर गावातली पाच-सहा पोरे बसून पाहत होती. मोडतोड गोळा केली तेव्हा शेपूट जवळजवळ शाबूत होती. बॅटरी जोडून पाहिली, सगळे व्यवस्थित हलत होते, काडी बाणासारखी सरळ. निदान तिथल्या तिथे झाले : "सिग्नल गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. सिग्नलचे बरे असते, तो बिचारा बोलत नाही.

मी म्हटले, "अरे, एलेव्हेटर मी हाताने धरतो, तू काठी पूर्ण ओढ." ओढली. फळी माझ्या हातात जागची हलली नाही आणि काडीने सर्वांदेखत धनुष्य केले. हात सोडला, काडी पुन्हा सरळ. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. नंतर एकजण म्हणाला, "पण सर, सिग्नलही गेला असेल." आता याला काय म्हणावे!

त्या विमानात आणखी एक खोड होती, आणि ती नव्वद टक्के विमानांत दिसते. शिंग एलेव्हेटरच्या खालच्या बाजूला होते आणि सर्व्हो पुढे. या मांडणीत फळी वर उचलायची तर काडीला ढकलावे लागते. शिंग वरच्या बाजूला असते तर त्याच कामासाठी काडीला ओढावे लागले असते. सुरातून विमान बाहेर काढणे हा एलेव्हेटरवरचा सर्वांत मोठा भार, आणि आपण तो नेमका काडीच्या दुबळ्या बाजूवर टाकतो. का? तर वरून शिंग दिसते, बरे दिसत नाही. हिराचा प्रयोग आठवा. काडीला ओढायचे काम द्या. रडरला तर काडीच नको, दोन्ही बाजूंनी दोन पोलादी तारा न्या, एक ओढेल तेव्हा दुसरी सैल. तार कधी ढकलत नाही, त्यामुळे वाकण्याचा प्रश्नच संपला. मात्र शिंगावरची भोके बिजागरीच्या रेषेत हवीत, नाहीतर एक तार ताणते त्यापेक्षा दुसरी जास्त सैल पडते.

आता सैलपणाविषयी, कारण वाकण्याइतकाच तोही घातक आहे. बारीक खुंटीला शिंगाचे भोक थोडे मोठे, तेवढ्याने काय होते? अर्धा मिलिमीटरच ढिले आहे ना? होय, पण शिंग अडीच सेंटिमीटरचे आणि फळी दहा सेंटिमीटर रुंद असेल तर त्या अर्ध्याचे फळीच्या कडेला दोन मिलिमीटर होतात. दोन मिलिमीटर मोकळी फळी वेगात आली की फडफडू लागते. याला फ्लॅटर म्हणतात. सुसाट एसटीच्या खिडकीचा सैल पडदा आठवा, फक्त इथे पडद्याच्या जागी फळी आहे आणि ती पंख घेऊन फडफडते. हवा स्वतःच प्रत्येक फडफडीला जोर पुरवत जाते. सेकंदा-दोन सेकंदांत सर्व्होचे दाते जातात, बिजागरी निघते, कधी सबंध शेपूट. खालून मोठा भुंगा गुणगुणल्यासारखा घर्रर्र आवाज येतो. तो ऐकू आला तर ताबडतोब इंजिन मंद करून, वेग मोडून, हळूच उतरावे आणि सगळे सांधे उघडून पाहावेत. "आवाज आला होता, पण नंतर थांबला" म्हणून पुन्हा उडवणारे शूर मी पाहिले आहेत.

हा सैलपणा पुष्कळदा आपण स्वतः विकत घेतो. सर्व्होला लांब हात लावायचा, फळीवर आखूड शिंग, मग फळी फार हलते म्हणून रेडिओच्या पडद्यावर बोटे फिरवून हालचाल निम्मी करायची. झाले! सर्व्होची निम्मी फिरकी वाया, जोर वाया आणि सांध्यातला ढिलेपणा मात्र फळीवर दुप्पट होऊन पोहोचतो. याच्या उलट करा. सर्व्होचा हात जेवढा आखूड चालेल तेवढा, शिंग जेवढे लांब चालेल तेवढे, आणि रेडिओत हालचाल पूर्ण. मग काडीवर जोर वाढतो खरा, पण जाड काडी त्यासाठीच आहे.

आता टोके. प्लॅस्टिकचा क्लेविस, म्हणजे चिमट्यासारखी ती पकड, दीड किलोच्या शिकाऊ विमानाला ठीक आहे. तिथे सायकलचा आरा काडी म्हणून वापरला तरी माझी हरकत नाही. आमच्याकडे पुष्कळजण वापरतात, स्वस्त आणि मस्त. पण तोच आरा आणि तोच क्लेविस बारा किलोच्या विमानाला? मे महिन्यात बंद गाडीत पाठीमागे पडून राहिलेल्या प्लॅस्टिकवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पूर्वी एक सबब होती : धातूला धातू घासला की रेडिओत खरखर येते, म्हणून एक टोक नायलॉनचे हवे. जुन्या रेडिओंच्या काळात ते खरे होते. आता सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आले, सबब गेली, क्लेविस राहिला. आणि धातूचा क्लेविस धातूच्या शिंगात घातला तर पेट्रोल इंजिनाच्या थरथरीने भोक अंडाकृती होते. म्हणून मोठ्या विमानाला बॉल लिंकच हवी, आत गोळी असलेली, तीन मिलिमीटरच्या बोल्टने आरपार धरलेली. बोल्ट एका बाजूने लोंबकळत ठेवण्यापेक्षा दुहेरी शिंगाच्या मधोमध धरला तर फारच चांगले. एकेरी शिंग असेल तर बोल्टच्या टोकाशी एक मोठी चकती घालावी, म्हणजे गोळी निसटली तरी काडी सुटत नाही. ही चकती रुपयाचीही नसेल.

एक सापळा सांगून ठेवतो. अमेरिकन काडीचा ४-४० आटा आणि आपला ३ मिलिमीटरचा आटा दिसायला जुळे भाऊ. एकाची काडी दुसऱ्याच्या नायलॉन टोकात दोन-चार वेढे छान जाते, बसल्यासारखीही वाटते. बसलेली नसते. डबा मिसळलेला असेल तर प्रत्येक काडी आधी योग्य नटमध्ये फिरवून पाहा. नट आणि बोल्ट पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हवे त्या मापाचे मिळतात, 'नाही मिळत' ही सबब चालणार नाही.

आणि नायलॉनचे कडे असलेले नट पुन्हा पुन्हा वापरू नका. त्यातले कडे झिजते, पकड जाते. "एवढ्याशा नटने काय होतंय" म्हणणाऱ्यांना मी एकच घटना सांगतो, आणि ती खेळण्यातल्या विमानाची नाही. १६ सप्टेंबर २०११, अमेरिकेतले रेनो. तिथल्या शर्यतीत 'गॅलपिंग घोस्ट' नावाचे दुसऱ्या महायुद्धातले पी-५१ मस्टँग जातीचे विमान ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगात होते. त्याच्या एलेव्हेटरवर एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. ती धरणाऱ्या स्क्रूंच्या लॉकनटमधली कडी जुनी होऊन निकामी झाली होती. स्क्रू ढिले झाले, एकाला तडा गेला, पट्टीचा ताठरपणा कमी झाला, फ्लॅटर सुरू झाला आणि पट्टीचे लिंकेज तुटले. विमान प्रेक्षकांपुढच्या जागेत कोसळले. वैमानिकासह ११ माणसे गेली. अमेरिकेच्या तपास मंडळाने हे सगळे लिहून ठेवले आहे. तिथे कोणी 'सिग्नल गेला' म्हटले नाही.

आमची विमाने त्या वेगाची नाहीत, मान्य. पण बारा किलोचे विमान ताशी शंभर किलोमीटरने येऊन आदळणे म्हणजे तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून बारा किलोची तांदळाची गोणी खाली सोडण्यासारखे आहे. खाली कोण उभे आहे? बांधावरची ती पोरे. त्यांना मी ओळखतो, त्यांतला एक दर रविवारी माझे पाण्याचे भांडे आणून देतो. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेलसाठी २५ किलोपर्यंतची आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवण्याची मर्यादा आहे. पण तुमच्या शेपटीत दोन मिलिमीटरची काडी आहे की तीनची, हे पाहायला कोणताही सरकारी माणूस मैदानावर येणार नाही. ते पाहणे आपल्यावरच आहे. "माझे विमान, माझे पैसे, पडले तर माझे पडेल" हा युक्तिवाद मला ऐकवू नका. विमान तुमचे, खालचे डोके तुमचे नाही.

"इतकी वर्षे उडतंय सर, काही झालं नाही." होय, कारण इतकी वर्षे तुम्ही जोराचा सूर मारला नाही. वेग दुप्पट झाला की फळीवरचा हवेचा जोर चौपट होतो. संथ घिरट्यांत चार किलोची काडी शंभर वेळा पुरेल, एकशे एकाव्या वेळी कोणीतरी "जरा खालून जोरात काढ की" म्हणेल आणि मोबाइल वर धरेल.

माझी मागणी साधी आहे. आठ किलोच्या वरचे कोणतेही विमान त्या दिवशी प्रथम उडण्याआधी हाताची परीक्षा देईल. मालक काठी पूर्ण ओढेल, दुसरा फळी धरून ठेवेल, तिसरा बाजूने काडीकडे पाहील. काडीने कमान केली तर विमान उडणार नाही. सर्व्होचा हात, बैठक, शिंगाखालचे लाकूड, यातले काहीही हललेले दिसले तरी तेच. (बाल्सावर थेट स्क्रूने बसवलेली शिंगे मी पाहिली आहेत. बाल्सा म्हणजे जवळजवळ पावच! आत प्लायवूडचा ठोकळा हवा.) मालक माझ्या ओळखीचा असो, वयाने मोठा असो, मैदानाच्या भाड्यात त्याचा वाटा मोठा असो, फरक पडणार नाही.

याला कोणी संमती दिलेली नाही. दोघे म्हणाले, "बघू." एकजण म्हणाला, "सर, मजा जाईल." मी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा दहा किलोचा ताणकाटा विकत आणला आहे, आणि येत्या रविवारी सात वाजता फाटकाशी बसणार आहे.